मूल कोणाचें? खात्याचें कीं त्याच्या माणसांचें?



दरसाल दसरा-दिवाळी सरली कीं आमच्या शाळेच्या पटावरचीं दहा-बारा मुलें दिसेनाशीं होतात. आईबाप ऊस तोडावयास निघाले म्हणजे पोरेंही बिऱ्हाडाबरोबर निघतात. मग वरून तपासणीस साहेब येतात, पट चाळतात आणि एकच शेरा मारून जातात: "पालक बेफिकीर." आम्हीही कैक वर्षें हाच शब्द मुकाट्यानें लिहीत आलों. बाप खरोखर बेफिकीर असता तर पोराला वाऱ्यावर सोडून गेला असता. तो त्याला बरोबर नेतो, कारण मागें त्याला दोन वेळां भाकर घालणारें कोणी नाहीं. पण 'घरांत मागें भाकर नाहीं' एवढें लिहावयास शेऱ्याच्या रकान्यांत जागा नसते. 'बेफिकीर' हा शब्द मात्र तेथें बरोबर बसतो!

या एका शब्दानें केवढा अनर्थ होतो हें पाहावयाचें असेल तर सातासमुद्रापलीकडच्या कॅनडा देशाकडे पाहावें. तेथील सरकारनें, पाद्र्यांनीं आणि मागाहून बालसंगोपन खात्यानें शंभरांवर वर्षें मूळच्या रहिवाशांचीं मुलें 'आईबाप नालायक' असें ठरवून उचलून नेलीं. आज तेच रहिवासी म्हणतात कीं, आमचीं मुलें आम्ही सांभाळूं, त्याचा कायदा आम्ही करूं, तुमच्या खात्यानें आमच्या पाळण्याला हात लावूं नये. तेथील सुप्रीम कोर्टानेंही त्यांचा हा अधिकार चालविणारा कायदा उचलून धरला आहे. तरीही शहाण्या लोकांच्या पोटांत दुखतें. 'अडाणी जमातींच्या हातीं मुलें कशीं द्यावयाचीं?' असें ते विचारतात. हा प्रश्न आमच्या वाचकांनीं दुसऱ्या तोंडांतून पुष्कळ वेळां ऐकला आहे, म्हणून ही हकीकत सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

गोरे लोक जाण्यापूर्वीं हजारों वर्षें क्री, ओजिब्वे, हायडा, मोहॉक, इनुइट अशा अनेक जमाती त्या मुलखांत नांदत होत्या. त्यांच्या जमिनी कशा गेल्या ती कथा येथें सांगत नाहीं. जमीन कशी जाते हें कुळांच्या घरांत आम्हीं काय समजावून द्यावें? जमीन घेतली तरी माणूस उरतो. त्याची भाषा उरली, नातीं उरलीं, तर तो उद्यां जमीन मागावयास येईल. म्हणून हात घातला तो मुलांवर. १८७६ सालीं 'इंडियन ॲक्ट' झाला, आणि १९२० सालीं त्यांत दुरुस्ती होऊन सात ते पंधरा वर्षांच्या मुलांस शाळेची सक्ती झाली. शाळा कसली, तर गांवापासून दूर, पाद्र्यांच्या ताब्यांतील निवासी शाळा. केस कापले, नांव जाऊन नंबर आला, मायबोलींत शब्द निघाला कीं पाठीवर छडी. अशा शाळांतून सुमारें दीड लाख मुलें गेलीं. डॉ. पीटर ब्राइस हा सरकारचाच डॉक्टर. त्यानें १९०७ सालीं लिहून दिलें कीं या शाळांत क्षयानें मुलें मरत आहेत. सरकारनें शाळा सुधारल्या नाहींत, डॉक्टरालाच बाजूस सारलें. शेवटीं १९२२ सालीं त्यानें पुस्तिका छापून आपलें म्हणणें लोकांपुढें ठेवलें. १९९० नंतरच्या वर्षांत शेवटची शाळा बंद झाली, ११ जून २००८ रोजीं पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत माफी मागितली, आणि २०१५ सालीं सत्यशोधन व समेट आयोगानें आपला अहवाल दिला. तीन हजारांहून अधिक मुलांचे मृत्यु आयोगाच्या नोंदींत आहेत.

आम्ही मास्तर आहोंत. शाळा या शब्दावर आमचें पोट आहे आणि आमची श्रद्धाही आहे. विद्येवांचून आपल्या लोकांची काय दशा झाली तें आम्हांस कोणी शिकवावयास नको. परंतु ज्या शाळेंत शिरतांना मुलाला आपली आई विसरावी लागते ती शाळा नव्हे, तो कोंडवाडा होय. असल्या कोंडवाड्यांना आमच्या धंद्याचें नांव मिळालें याची आम्हांस लाज वाटते.

आतां कोणी म्हणेल, झालें तें झालें, माफी मागितली, प्रकरण मिटलें. मिटलें कोठें? शाळा ओसरूं लागल्या तोंच दुसरी वाट निघाली. १९५१ सालीं कायदा बदलून प्रांतांचे कायदे या लोकांच्या राखीव गांवांस लागू झाले, आणि प्रांतांचीं बालसंगोपन खातीं गांवांत शिरलीं. ब्रिटिश कोलंबिया प्रांताचें उदाहरण घ्या. १९५५ सालीं खात्याच्या ताब्यांत ३,४३३ मुलें होतीं, त्यांत या जमातींचीं अवघीं २९ असावींत असा अंदाज होता. १९६४ सालीं तोच आंकडा १,४४६ झाला. म्हणजे ताब्यांतल्या दर तीन मुलांत एकाहून अधिक मूल या लोकांचें! नऊ वर्षांत या आयांनीं असें काय पाप केलें? कांहीं केलें नाहीं. खात्याचा माणूस दारीं येऊं लागला, एवढेंच झालें. त्यानें पाहिलें, घर एका खोलीचें, नळ नाहीं, मूल आजीपाशीं झोपतें, आई कामावर गेलेली. त्यानें लिहिलें, 'हयगय'. मूल गेलें.

आमच्या घरांतून असा माणूस फिरला तर काय लिहील याचा विचार करा. आमच्यांत आजोळीं वाढलेलीं पोरें किती आहेत! आई दुसऱ्या बाळंतपणाला टेकली कीं थोरलें मूल मामाकडे जातें. बाप मेला तर चुलता हात धरतो. आत्या, मावशी, थोरली जाऊ, कोणाच्या ना कोणाच्या ताटांत त्याचा घांस असतो. मूल एकट्या आईबापाचें नसून साऱ्या गोताचें असतें. कॅनडांतील या जमातींची रीत अशीच आहे. खात्याच्या पुस्तकांत मात्र आई, बाप आणि निजण्याची स्वतंत्र खोली एवढींच तीन पदें. आजी हें पदच त्यांत नव्हतें.

नेलेलीं मुलें परक्या घरीं ठेवलीं, कित्येक दत्तक दिलीं; परप्रांतांत दिलीं, अमेरिकेंत दिलीं, समुद्रापार दिलीं. सास्कॅचेवान प्रांतानें १९६७ सालीं या मुलांना घरें मिळावींत म्हणून वर्तमानपत्रांत व टेलिव्हिजनवर जाहिराती दिल्या. बैलाचे दांत पाहून भाव करतात, तसा मुलाचा फोटो छापून 'गुणी आहे' असें खालीं लिहावयाचें! वीस हजारांहून अधिक मुलें अशीं गेलीं असें मानतात. मॅनिटोबा प्रांतांत न्यायाधीश किमेलमन यांनीं चौकशी करून १९८५ सालीं या प्रकाराला एका संस्कृतीचा वंशच्छेद असें नांव दिलें. हें आमच्यासारख्या खेड्यांतल्या मास्तरानें रागाच्या भरांत लिहिलेलें नाहीं, सरकारनें नेमलेल्या न्यायाधीशानें लिहिलें आहे.

हें जुनें झालें असेंही समजूं नका. बाळंतिणीबद्दल इस्पितळाला आधींच चिठ्ठी पाठवून ठेवावयाची, आणि मूल जन्मतांच खात्याच्या माणसानें येऊन तें न्यावयाचें, ही चाल ब्रिटिश कोलंबियानें २०१९ सालीं व मॅनिटोबानें २०२० सालीं थांबविली. तोंवर ती सुखेनैव चालू होती. २०२१ च्या खानेसुमारींत देशांतल्या लहान मुलांपैकीं या लोकांचीं मुलें शेंकडा ७.७ होतीं, परक्या घरीं ठेवलेल्या मुलांत मात्र तीं शेंकडा ५३.८ होतीं. ज्यांचा वांटा तेरांत एक, त्यांचा भार निम्म्याहून अधिक!

यांत पैशाचा जो खेळ आहे तो शेतकऱ्याला चटकन कळेल. राखीव गांवांतल्या बालसंगोपनाचा खर्च मध्यवर्ती सरकारकडे. त्यानें नियम असा केला कीं मूल घरांतून काढून परक्या घरीं ठेवलें तर त्याचा खर्च पुरता मिळावयाचा. पण तें घरींच राहावें म्हणून आईला मदत करावयाची, छप्पर नीट करावयाचें, बापाचें दारूचें व्यसन सोडविण्याचा उपाय करावयाचा, तर त्याला हात आंखडता. विहिरीला तगाई नाहीं, पण पीक जळाल्यावर जप्तीचा खर्च मंजूर, तशांतला हा प्रकार. सिंडी ब्लॅकस्टॉक ही गितक्सान जमातीची बाई. तिच्या संस्थेनें आणि या जमातींच्या मध्यवर्ती सभेनें मिळून २००७ सालीं मानवी हक्कांच्या न्यायमंडळापुढें फिर्याद नेली. सरकारनें नऊ वर्षें वकील उभे केले. २६ जानेवारी २०१६ रोजीं निकाल लागला, कीं सरकारनें या मुलांना कमी पैसा देऊन भेदभाव केला आणि त्याच्या नियमांनींच मुलांना घरांतून काढण्यास उत्तेजन दिलें. २०२३ सालीं २३ अब्ज डॉलरांवर भरपाईस कोर्टानें मान्यता दिली. भरपाईनें बाळपण परत येत नाहीं, पण सरकारनें गुन्हा केला हें तरी कागदावर आलें.

याच झगड्यांतली एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नॉर्वे हाऊस या क्री लोकांच्या गांवचा जॉर्डन नांवाचा मुलगा १९९९ सालीं जन्मला तो मोठें दुखणें घेऊनच. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आतां याला इस्पितळाबाहेर घरांत ठेवतां येईल. त्याच्या घरच्या शुश्रूषेचा खर्च कोणी द्यावयाचा? प्रांत म्हणे मध्यवर्ती सरकारनें, मध्यवर्ती सरकार म्हणे प्रांतानें. दोन सरकारें हिशेब करीत बसलीं आणि पोर २००५ सालीं पांच वर्षांचें होऊन इस्पितळांतच मेलें. घर त्यानें पाहिलेंच नाहीं. पुढें डिसेंबर २००७ मध्यें पार्लमेंटानें त्याच्या नांवाचा ठराव केला, कीं ज्या सरकारकडे आधीं मागणी येईल त्यानें आधीं पैसे द्यावे, भांडण मागाहून करावें. आपल्याकडे तलाठ्यानें मामलेदाराकडे आणि मामलेदारानें तलाठ्याकडे धाडलेला म्हातारा ज्यानें पाहिला आहे, त्याला यांत नवल वाटणार नाहीं.

आतां हे लोक नुसते रडत बसले नाहींत, तें सांगतों. ब्रिटिश कोलंबियांत स्प्लॅट्सिन नांवाचें गांव आहे. तेथला त्या वेळचा मुख्य वेन ख्रिश्चन हा स्वतः लहानपणीं घरांतून उचलला गेलेला. गांवानें १९८० सालीं ठराव केला, कीं आमच्या मुलांचा सांभाळ आमची पंचायत करील, तिच्या परवानगीवांचून कोणीं मूल नेऊं नये. नुसता ठराव करून तो फळीवर ठेवला नाहीं. त्या सालच्या ऑक्टोबरांत लोकांनीं मोर्चा काढला, आयाबाया, म्हातारे, पोरें सारीं निघालीं, व्हँकूवर शहर गांठलें आणि प्रांताच्या मंत्रिणीच्या घरासमोर जाऊन उभीं राहिलीं. प्रांताला झुकावें लागलें. मध्यवर्ती मंत्र्यानें ठराव रद्द केला नाहीं, आणि कायद्याप्रमाणें तो लागू झाला. पुढें अनेक वर्षें त्या देशांत असा अधिकार चालविणारें हें एकच गांव होतें. इतर गांवांनीं तसेच ठराव पाठविले ते सरकारनें चालूं दिले नाहींत. एकाला दिलें तें चुकून गेलें, सर्वांना द्यावें लागेल या भीतीनें हात मागें घेतला!

चाळीस वर्षांनीं सरकारला तें सर्वांना द्यावेंच लागलें. २०१९ सालीं पार्लमेंटानें कायदा केला, तो १ जानेवारी २०२० पासून अंमलांत आला. त्यानें फर्स्ट नेशन्स, इनुइट व मेटी या तिन्ही लोकांचा आपल्या मुलांविषयीं कायदे करण्याचा अधिकार मान्य केला. मान्य केला म्हणजे दिला नव्हे. तो मूळचाच त्यांचा होता असें कायदा म्हणतो, आणि हा भेद लहान नाहीं. जमातीनें आपला कायदा केला, सरकारांशीं बोलणीं केलीं, करार होवो अथवा वर्षभर खटपट करूनही न होवो, त्यानंतर तिचा कायदा प्रांताच्या कायद्याला भारी पडतो. शिवाय दोन कलमें आमच्या वाचकांनीं लक्ष देऊन ऐकावींत. एक असें कीं केवळ गरिबी, घर अपुरें किंवा आईबापाची प्रकृति ठीक नाहीं एवढ्या कारणावर मूल नेतां येणार नाहीं. दुसरें असें कीं मूल कोठें ठेवावयाचें त्याचा क्रम ठरला: आधीं आईबाप, मग घरचें दुसरें वडील माणूस, मग त्याच जमातीचें, मग दुसऱ्या मूळ जमातीचें, आणि शेवटीं इतर कोणी. खात्याच्या पुस्तकांत आजीला अखेर जागा मिळाली.

क्वेबेक प्रांत लगेच कोर्टांत गेला. आमच्या अधिकारावर हें आक्रमण आहे, अशी त्याची तक्रार. २०२२ सालीं खालच्या कोर्टानें दोन कलमें रद्द केलीं. परंतु ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं सुप्रीम कोर्टानें एकमतानें सारा कायदा वैध ठरविला. शेजारच्या अमेरिकेंत असा कायदा १९७८ पासूनच आहे, कारण तेथें पाहणी केली तेव्हां शेंकडा पंचवीस ते पस्तीस मुलें घराबाहेर काढलेलीं आढळलीं होतीं. तोही मोडावा म्हणून खटले झाले, आणि २०२३ सालीं तेथल्या सुप्रीम कोर्टानें सात विरुद्ध दोन मतांनीं तो राखला.

येथें आमच्यापैकींच कोणी उठून विचारील, आणि त्यानें विचारावें असेंच आम्हांस वाटतें: मास्तर, जातपंचायतीचा जाच तुम्हीं पाहिला नाहीं काय? पंचांच्या हातीं मूल व बाई दिली म्हणजे काय होतें, वाळींत टाकलेल्या घराला विचारा. प्रश्न रास्त आहे. आम्हीं पंचांच्या पायांवर नाक घासावयास लावलेली बाई पाहिली आहे आणि त्या पंचायतींची वकिली आम्ही करणार नाहीं. महाराष्ट्राला २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. परंतु कॅनडाचा कायदा पंचांना मोकाट सोडीत नाहीं. जमातीचा कायदा देशाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेखालींच चालतो, बाईचा व मुलाचा हक्क तेथेंही शाबूत राहतो, आणि मुलाचें हित ही सर्वांवरची कसोटी आहे. आणि दुसरें असें कीं जुलमी आईबाप त्या जमातींत नाहींत असें कोण म्हणतो? मारझोड होते, दारू आहे, मुलाला दुसरीकडे हलवावें लागतें. प्रश्न एवढाच कीं हलवायचें तर आत्याकडे, कीं हजार मैलांवरच्या अनोळखी घरीं. आणि हें ठरविणारा त्या आत्याला ओळखतो कीं नाहीं. जातपंचायतीच्या जुलमाचें कारण पुढें करून खात्याच्या जुलमाला सोंवळें नेसवूं नका. त्या खात्याच्या कारभारांत किती मुलें गेलीं याचे आंकडे वर दिलेच आहेत.

आमच्या इकडे हें कधीं झालें नाहीं अशा भ्रमांतही कोणी राहूं नये. याच साम्राज्यानें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १८९७ च्या दुरुस्तीनें चार ते अठरा वर्षांच्या मुलांस आईबापांपासून तोडून निराळ्या वसाहतींत ठेवण्याची मुभा घेतली. सोलापूरच्या सेटलमेंटचें तारेचें कुंपण आमच्या पारधी, कैकाडी बांधवांच्या घरांत अजून बोलण्यांत येतें. १९५२ सालीं कायदा रद्द झाला, पण 'त्यांचीं पोरें त्यांच्यापासून दूर ठेवलीं तर सुधारतील' हें वाक्य रद्द झालें नाहीं. तें आम्हीं शिक्षकांच्या खोलींत चहाच्या कपाबरोबर याच कानांनीं ऐकलें आहे, आणि बोलणारे लोक वाईट नव्हते.

कायदा झाला म्हणून गंगेंत घोडीं न्हालीं असेंही नाहीं. त्या कायद्यांत अधिकार आहे, पण पैसा किती द्यावयाचा याची बांधलेली हमी कलमांत नाहीं. तें प्रत्येक जमातीनें भांडून मिळवावयाचें. सास्कॅचेवानांत काउएसेस नांवाचें गांव आहे. तेथें निवासी शाळा होती. २४ जून २०२१ रोजीं गांवानें जाहीर केलें, कीं शाळेजवळच्या दफनभूमींत रडारनें शोध केला आणि खूण नसलेल्या ७५१ कबरी सांपडल्या. त्यांत मोठीं माणसेंही असावींत असें गांवच्या मुख्यानेंच सांगितलें. त्यानंतर बाराव्या दिवशीं, ६ जुलैला, पंतप्रधान त्याच गांवीं आले आणि गांवाच्या स्वतःच्या बालसंगोपन कायद्याप्रमाणें कारभार चालावा म्हणून पहिला करार झाला. कबरी मोजणारीं तींच माणसें, आणि पाळण्याचा हिशेब हातीं घेणारीं तींच.

आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें कॅलगरी शहरीं या जमातींच्या मुख्यांची सभा भरली. राखीव गांवांतल्या बालसंगोपनाच्या सुधारणेसाठीं दहा वर्षांत ४७.८ अब्ज डॉलर देण्याचा सरकारचा मसुदा सभेपुढें होता. एवढी रक्कम ऐकून आमच्याकडचा कोणीही पुढारी आधीं अंगठा उठवील, मग कागद वाचील. त्या मुख्यांनीं कागद आधीं वाचला, त्यांतलीं कलमें मुलांना पुरेशीं नाहींत असें बहुमतानें ठरविलें, आणि मसुदा परत केला.